दांडी नसलेली सायकल

मी पडलो तेव्हा सायकल चालू नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण भेटायला आलेल्या प्रत्येकानं 'या वयात सायकल कशाला' हाच सूर लावला. चालवताना पन्नास वर्षांत मी दोनदाच पडलो आहे, त्यातलं एकदा म्हशीमुळं. या वेळी पडलो तो चढताना. सांगलीच्या विश्रामबागेत गिरणीसमोर, मागं कॅरिअरला दळणाचा डबा बांधलेला, डावा पाय पॅडलवर, आणि उजवी टांग रोजच्यासारखी मागून फिरवली. टांग डब्याला अडली. सायकल, डबा आणि मी, तिघंही जागच्या जागी आडवे. दहा किलो ज्वारीचं पीठ. गिरणीवाला धावत आला आणि म्हणाला, "सर, पीठ गेलं की ओ सगळं."

मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मोडलं काही नव्हतं. उजव्या खुब्यात झीज होती, गुडघ्यात थोडी होती, ती असायचीच. मी अपराधी चेहऱ्यानं विचारलं, "सायकल बंद का?" ते म्हणाले, "सायकल कशाला बंद? अंगाचा भार सीट घेते, गुडघ्याला उलट बरं. बंद करायची ती टांग."

शाळेत छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळं मोजल्याशिवाय मला काही पटत नाही. टेप घेऊन खाली पार्किंगमध्ये गेलो. दांडी जमिनीपासून ३३ इंच. कॅरिअर ३१, त्यावर डबा १२ इंचांचा. म्हणजे सत्तराव्या वर्षी मी साडेतीन फुटांहून उंचावरून पाय फिरवत होतो, तोही एका पायावर, डुगडुगणाऱ्या वस्तूवर उभा राहून. सर्कशीत याचे पैसे मिळतात.

आता पाय खरोखर किती उचलतो ते बघायला न्हाणीघरातली बादली हॉलमध्ये आणली आणि ती इकडून तिकडं, तिकडून इकडं ओलांडायला लागलो. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, थोडा वेळ बघत राहिली.

"मूल ओलांडलं की त्याची उंची खुंटते म्हणतात. बादली ओलांडून तुमचं काय खुंटायचं राहिलंय आता?"

बादली १३ इंचांची होती, सहज जमली. प्लॅस्टिकचं स्टूल १८ इंच, त्याला भिंत धरावी लागली आणि खुब्यातून कळ आली. मी वहीत लिहिलं: १५ इंच. यापेक्षा उंच काही ओलांडायचं नाही.

याचा अर्थ काय होतो ते मला लिहितानाच कळलं होतं. लेडीज सायकल.

ज्यांनी ताशी भाड्याच्या सायकलीवर शिकलेलं नाही त्यांना यातली अडचण कळणार नाही. दहा-अकराव्या वर्षी आम्हाला मिळायची ती मोठ्या माणसांची काळी सायकल. सीटवर बसलं तर पाय पोचायचे नाहीत. मग दांडीच्या खालच्या मोकळ्या जागेतून उजवा पाय पलीकडं घालायचा, कंबर वाकडी करायची आणि खेकड्यासारखं अर्धं अर्धं पॅडल मारत गल्लीतून जायचं. एके दिवशी धाडस करून दांडीवरून टांग टाकायची. दांडीखालून दांडीवर येणं ही आमची खरी मुंज. त्यानंतर कुणी बहिणीची सायकल घेऊन निघाला की 'बांगड्या भरल्यास काय रे' ठरलेलं. अशा शाळेतून आलेला माणूस सत्तराव्या वर्षी परत दांडीखाली जायचं म्हणतो, तेव्हा त्याला चारदा घसा खाकरावा लागतो.

शिवाय घरातली सायकल साधी नव्हती. १९७९ साली नोकरी लागल्यावर घेतलेली ॲटलास. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या आमच्या जुन्या घरात तेव्हा ही सायकल आठवडाभर पाण्याखाली होती. पाणी उतरल्यावर तिच्या नळ्यांतून गाळ निघाला. छर्रे बदलले, ग्रीस भरलं, दोन्ही चाकांच्या तारा नव्या घातल्या, आणि ती पुन्हा चालली. पुढच्याच वर्षी ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना थांबला ही बातमी पेपरात आली. त्या दिवशी मी तिला उगाच पुसून काढली होती. तिला सोडून द्यायचं, आणि तेही लेडीज सायकलसाठी, हे जरा जड जात होतं.

मुलगी नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनला असते. तिला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती हसली नाही. फोन घेऊन खिडकीपाशी गेली. खाली रस्त्यावरून माणसं सायकलीवर चालली होती, ताठ बसून, हँडल पोटाजवळ आलेलं, राजवाड्यात जेवायला बसल्यासारखी. त्यांतले दोनतीन म्हातारे चांगले सहा-सहा फुटी होते आणि त्यांच्या सायकलींना दांडी नव्हती. "बाबा, इथं हिला ओमाफीट्स म्हणतात. ओमा म्हणजे आजी. आजीची सायकल."

"आणि आजोबांची?"

"ओपाफीट्स. तिला दांडी असते. पण वय झालं की बरेच आजोबासुद्धा दांडी नसलेलीच घेतात. दुकानात विचारतातच, पाय घालायची जागा किती खाली हवी म्हणून."

तिथल्या जुन्या ढंगाच्या सायकलींना ब्रेकची मूठ नसते, पॅडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. ही युक्ती मला पसंत नाही. निघताना पॅडल मागं फिरवून पाहिजे तिथं आणायची सोय त्यात राहत नाही, आणि आमच्या वयात सगळं त्या पहिल्या पॅडलवर असतं. पण सहा फुटी म्हाताऱ्यांनी माझं काम केलं होतं.

खणभागात माझ्या एका विद्यार्थ्याचं सायकलचं दुकान आहे. आठवी ब, शेवटचा बाक. त्याला त्रिकोणाचे गुणधर्म कधी पाठ झाले नाहीत आणि आज तो दिवसभर त्रिकोणच दुरुस्त करत असतो. बायकोही बरोबर आली. तिला तिथून पुढं भाजी घ्यायची होती.

"सर, हल्ली लेडीज म्हणत नाहीत," तो म्हणाला. "स्टेप-थ्रू म्हणायचं." पोरगं हुशार आहे. माझी लाज राखायला त्यानं इंग्रजी शोधून ठेवलं होतं.

मी टेप काढला. पहिला शोध असा लागला की दुकानात ज्यांना लेडीज म्हणतात त्यातल्या निम्म्या नावापुरत्याच लेडीज असतात. दांडी असतेच, फक्त तिरकी केलेली. ओलांडायची सर्वांत खालची जागा २३-२४ इंच. वीस वर्षांच्या मुलीला ते पुष्कळ आहे. माझ्या वहीतल्या १५ इंचांत बसणाऱ्या फक्त दोन निघाल्या. त्यांना वरची दांडी नव्हतीच, खाली चेनकव्हरकडं उतरत गेलेल्या दोन समांतर नळ्या होत्या. एकीला पुढं जांभळी फुलं काढलेली होती.

"काळी नाही?"

"काळी नाही येत सर यात. वाईन कलर आहे, आणि ही वांगी."

आता दांडी काढली की काय होतं हे शिक्षकानं सांगायलाच हवं. आईस्क्रीमच्या तीन काड्या टाचणीनं जोडा, त्रिकोण होतो, तो दाबून बदलत नाही. चार जोडा, चौकोन होतो, तो बोटानं ढकलला की कलंडतो. दांडीची सायकल म्हणजे जवळजवळ दोन त्रिकोण पाठीला पाठ लावून ठेवलेले. वरची दांडी गेली की पुढचा त्रिकोण उघडा पडतो. म्हणून या सायकलीच्या खालच्या नळ्या जाड किंवा दुहेरी कराव्या लागतात, त्यामुळं ती नाजूक दिसली तरी वजनाला हलकी नसते. आणि मागं कॅरिअरवर जड ओझं ठेवलं की मधून किंचित पिळवटल्यासारखी वाटते, हँडल थरथरतं. हे दोष नाहीत, पाय सुखानं घालण्याची ती किंमत आहे. दहा किलोचं दळण आता पाच-पाच किलोच्या दोन फेऱ्यांत आणायचं हे मी तिथंच कबूल केलं.

मी काड्यांचा हा हिशेब विद्यार्थ्याला ऐकवत होतो, आणि तोही शाळेत ऐकला नव्हता तितक्या नम्रपणे ऐकत होता, तेवढ्यात मागं घंटी वाजली.

बायकोनं वांगी रंगाची सायकल दुकानातून उतरवली होती. साडीच्या निऱ्या डाव्या हातात जरा उचलल्या, सायकल अंगाकडं थोडी कलती केली, मधल्या जागेतून पाय पलीकडं नेला, पॅडलवर उभी राहिली आणि मग सीटवर बसली. गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तिथं एक टेम्पो आडवा होता, थांबली, टेम्पो गेला, वळली, परत आली. बाजारात जाणाऱ्या बाईला यात विशेष काय वाटावं, तशा चेहऱ्यानं.

लग्न १९८३ चं. ती इचलकरंजीहून आली तेव्हा तिच्याबरोबर तिची सायकल आली होती, कॉलेजला जायला वडिलांनी घेतलेली. मागच्या चाकाला दोरीची जाळी होती, पदर अडकू नये म्हणून. चार वर्षं ती तीच घेऊन शिकवणीला जायची. १९८७ साली माझी स्कूटर आली. गावभागातल्या आमच्या बोळात दोन सायकली आणि एक स्कूटर मावेना, तेव्हा मी तिची सायकल अडीचशे रुपयांना काढली. "तुला विचारलं होतं की," मी मध्यंतरी कधीतरी म्हणालो होतो. "विचारलं नव्हतंत, सांगितलं होतंत," ती म्हणाली होती. मराठीच्या शिक्षिकेशी लग्न केलं की क्रियापदं जपून वापरावी लागतात.

माझी ॲटलास का नाही काढली, हा प्रश्न त्या वेळी घरात कुणालाच पडला नाही. मलाही नाही.

परतताना रिक्षात मी तिला इतिहास सांगत होतो. १८८५ मध्ये इंग्लंडात स्टार्लीची रोव्हर सायकल आली, दोन जवळजवळ सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी, आणि पुढच्या काही वर्षांतच बायकांच्या घोळदार झग्यांसाठी दांडी खाली ओढलेल्या सायकली निघाल्या. दांडी शरीरासाठी नाही, कापडासाठी काढली गेली. ती म्हणाली, "मग आपल्याकडं नऊवारीत ती लागलीच नसती. काष्टा घातलेल्या बाईला टांग मारायला कोण अडवतंय? घोड्यावर बसत होत्या. गोल पातळ आलं आणि दांडी आडवी आली." मी गप्प बसलो. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. धोतर नेसून दांडीच्या सायकलीवर जाणारे भटजी मात्र लहानपणी रोज बघितले होते.

वांगी सायकल घेतली. आधी बॅटरीची बघितली होती. तिला अडीचशे वॅटपर्यंतची मोटर असेल आणि वेग पंचवीसच्या आत असेल तर परवाना लागत नाही, हे खरं. पण ती पार्किंगच्या दोन पायऱ्या मला एकट्याला चढवता आली नाही. विषय संपला.

घेतल्यावर तिच्यात काय काय बदललं ते सांगतो, कारण दुकानात मिळते ती सायकल अर्धीच असते. हँडल वर घेतलं, सीटपेक्षा चार बोटं उंच, मुठी मागं वळलेल्या, त्यामुळं मनगटावर भार येत नाही आणि मान वर करून बघावं लागत नाही. ताठ बसलं की अंगाचा सगळा भार बुडाखाली येतो, म्हणून सीट रुंद आणि खाली स्प्रिंग असलेली. जेलची मऊ गादी विद्यार्थ्यानं आग्रहानं दिली होती. ती पहिल्या वीस मिनिटांत सुखद आणि नंतर दलदल. काढून टाकली. ब्रेकच्या मुठी बोटांपासून लांब होत्या, स्क्रू पिळून जवळ आणल्या. सकाळी बोटं आखडलेली असतात, त्यांना अर्धा इंचसुद्धा लांब पडतो.

सर्वांत स्वस्तात झालेला आणि सर्वांत उपयोगी बदल फ्रीव्हीलचा, म्हणजे मागच्या दातेरी चक्राचा. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागं १८. भागाकार केला तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचे जवळजवळ अडीच फेरे, २६ इंची चाकाला म्हणजे पाच मीटर. सपाट सांगलीत चालून जातं, पण कृष्णेवरच्या पुलावर समोरून वारा आला की गुडघा ओरडतो. मागं २२ दात्यांचं फ्रीव्हील टाकलं. आता एका फेऱ्यात चारच मीटर, पण पाय लोण्यासारखा फिरतो. गिअरच्या सायकलीला जेवढे जास्त पैसे पडले असते त्यातला चिमूटभर खर्च. वेग कमी झाला. मला कुठं पोचायचंय?

आणि मग सीटची उंची. इथं मी चुकलो. पडल्यामुळं मनात भीती बसली होती, म्हणून सीट इतकी खाली घेतली की बसल्या बसल्या दोन्ही पाय सपाट जमिनीला टेकतील. फार सुरक्षित वाटलं. आठव्या दिवशी गुडघ्याच्या वाटीमागं दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले होते बरं वाटेल, आणि हे तर उलटंच. दुकानात गेलो. विद्यार्थ्यानं मला नुसतं चालवताना बघितलं आणि हाक मारली.

"सर, छातीला गुडघं लागायला लागलेत. एवढी खाली सीट नगा ठेवू, वाटी जाईल तुमची. टाच पॅडलवर ठेवून पाय खाली सरळ झाला पाहिजे, मग चवडा ठेवला की आपोआप जरासा वाकतो. तेवढाच वाकला पाहिजे."

पाय जास्त वाकलेल्या अवस्थेत जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते, हे मी स्वतः शिकवू शकलो असतो. सीट अडीच इंच वर गेली. दुखणं आठवड्यात गेलं आणि भीती परत आली, कारण आता सीटवर बसून फक्त एका पायाचा अंगठा जमिनीला लागायचा. पुष्पराज चौकातल्या सिग्नलला मी दोनदा लटपटलो. शेवटी मी संध्याकाळी पार्किंगमध्येच गोल गोल फिरायला लागलो. वॉचमन कौतुकानं बघायचा.

तिसऱ्या दिवशी बायको खाली आली.

"तुम्ही सीटवर बसून थांबताय."

"मग कुठं बसून थांबू?"

"बसायचंच नाही. थांबताना सीटवरून पुढं उतरायचं."

तिनं करून दाखवलं. ब्रेक दाबत वेग कमी करायचा, एक पॅडल खाली आणून त्यावर उभं राहायचं, बूड सीटच्या पुढं सरकवायचं, आणि सायकल थांबते तेव्हा दुसरा पाय जमिनीवर सपाट असतो. दोन्ही पायांच्या मध्ये सायकल आणि मध्ये काहीही नाही, कारण तिथं दांडीच नाही. निघताना पॅडल घड्याळात दोन वाजल्यासारखं पुढं आणून ठेवायचं, त्यावर उभं राहायचं, सायकल चालू लागली की मागं बसायचं. सीट कितीही उंच असली तरी पाय जमिनीवर पुरेच्या पुरे.

मी इतके दिवस समजत होतो की ही सायकल चढायला सोपी म्हणून घ्यायची. टेप घेऊन मी मोजलं ते सगळं चढण्याचंच होतं. रोज एकदा चढतो आणि सिग्नल, गाढव, खड्डा, शेजारी मिळून वीस वेळा उतरतो, हा हिशेब विज्ञानाच्या माणसाच्या लक्षात आला नव्हता. दांडीच्या सायकलीवर असं पुढं उतरलात तर काय होतं, ते कुठल्याही पुरुषाला विचारा.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी कशाला? साडी नेसून सायकल चालवली की येतं."

आता महिने झाले. सकाळी हरिपूरपर्यंत जातो, संगमाच्या घाटावर पाच मिनिटं बसतो, वारणा कुठून मिळते ते रोज नव्यानं बघतो आणि परत येतो. चौकात कुणी 'सर, मॅडमची सायकल घेतली वाटतं' म्हणालं की मी स्टेप-थ्रू हा शब्द वापरतो. ॲटलास बाल्कनीत उभी आहे. हवा भरून ठेवतो.

एकच कटकट आहे. माझी उंची साडेपाच फूट, तिची पाच-एक. सीटच्या नळीवर तिनं नेलपॉलिशनं दोन रेघा काढल्या आहेत, वरची माझी, खालची तिची, म्हणजे पुन्हा पुन्हा मोजायला नको. पहिल्यांदा सीट नेहमी वरच्या रेघेवर असायची. हल्ली रोज सकाळी मला ती वर घ्यावी लागते.

आज बूट घालून खाली उतरत होतो तेवढ्यात पार्किंगमधून आवाज आला, "अहो, सायकल नेतेय हो." मी जिन्यातच थांबलो. घंटी वाजली, फाटक कुरकुरलं. मी परत वर आलो आणि चहा टाकला.